कुतचा वेढा आणि शेवटच्या शिपायाचे ओझे

पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बराचसा भाग सेनापतींचे डावपेच आणि लंडन-सिमल्यामधील पत्रव्यवहार यांनी व्यापलेला असल्यामुळे, या मोहिमेने सामान्य शिपायाकडून काय वसूल केले हा प्रश्न बाजूला पडत आला आहे. तो समोर आणायचा तर टायग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कुत-अल-अमारा या गावाकडे पाहावे लागते. तेथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात ऑटोमन तुर्की सैन्याने वेढलेली फौज ही भारतीय सेनेची सहावी डिव्हिजन होती. अनेक पलटणी, तोफखाना, इस्पितळे आणि पुरवठ्याची खाती मिळून बनलेल्या दहा-पंधरा हजारांच्या फौजेला डिव्हिजन म्हणत, आणि ही डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' या नावाने ओळखली जात असे. तिच्यात ब्रिटिश, पंजाबी, राजपूत व गुरखा सैनिकांबरोबर १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तीन मराठा पलटणी होत्या. कोकण आणि देश या दोन्ही भागांतील शेतकरी कुटुंबांतून भरती झालेल्या या शिपायांच्या वाट्याला जे आले, त्यातून युद्धाविषयीची एक गोष्ट स्पष्ट होते. वरच्या पातळीवरील प्रत्येक चूक आणि प्रत्येक काटकसर पायरीपायरीने खाली उतरते, शिपाई आणि त्याच्याही खालचा बिनहत्यारी नोकर ती आपल्या शरीराने भरून काढतो, आणि नंतर जेव्हा नोंदी लिहिल्या जातात, तेव्हा सर्वांत कमी जागा त्यालाच मिळते.

मर्यादित मोहीम लांबत गेली

नोव्हेंबर १९१४ मध्ये 'इंडियन एक्सपिडिशनरी फोर्स डी' या नावाची फौज फाओ येथे उतरली, तेव्हा तिचा हेतू मर्यादित होता. इराणच्या तेलाचे आबादान येथील केंद्र सुरक्षित राखावे आणि इराणच्या आखाताच्या मुखाशी ब्रिटिशांचे वर्चस्व टिकवावे, एवढेच तिला साधायचे होते. त्याच महिन्यात बसरा हाती आले, डिसेंबरात कुर्ना पडले, एप्रिल १९१५ मध्ये शैबा येथे तुर्कांचा प्रतिहल्ला मोडून काढण्यात आला आणि जूनमध्ये अमारा जवळजवळ विनासायास मिळाले. प्रत्येक विजयाने पुढच्या गावाची ओढ वाढवली. सरसेनापती जॉन निक्सन यांना बगदाद आवाक्यात दिसू लागले, आणि गॅलिपोलीतील अपयशाने खचलेल्या लंडनमधील मंत्र्यांनाही पूर्वेकडील एखाद्या ठळक यशाची गरज वाटू लागली. सप्टेंबर १९१५ च्या अखेरीस कुत घेतल्यानंतर मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांच्या डिव्हिजनला बगदादच्या दिशेने धाडण्यात आले.

या निर्णयातील खरी उणीव नदीवर होती. बसऱ्याहून बगदादपर्यंतचा जलमार्ग सुमारे आठशे किलोमीटरांचा असून त्या काळी तेथे रेल्वे नव्हती, पक्के रस्तेही नव्हते, त्यामुळे धान्य, दारूगोळा, औषधे आणि जखमी या सर्वांचा भार उथळ पाण्यात चालू शकणाऱ्या मोजक्या आगबोटींवर होता. फौज जसजशी पुढे सरकली तसतसा बोटींचा तुटवडा वाढत गेला, परंतु मोहिमेचा खर्च सोसणाऱ्या भारत सरकारची वृत्ती शांततेच्या काळातील काटकसरीचीच राहिली. २२ ते २५ नोव्हेंबर १९१५ या दिवसांत बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे लढाई झाली, तेव्हा डिव्हिजनने तुर्कांची पहिली फळी जिंकली, पण तिचे सुमारे साडेचार हजार लोक ठार वा जखमी झाले आणि माघारीवाचून मार्ग उरला नाही.

जखमींचा प्रवास

टेसिफॉननंतर जे घडले, त्यात वरची काटकसर शिपायाच्या अंगावर कशी उतरते हे उघड दिसते. जखमींना रणांगणावरून नदीकाठापर्यंत नेण्यासाठी रुग्णवाहिका नव्हत्या, म्हणून सामान वाहण्याच्या दुचाकी गाड्या वापरण्यात आल्या. या गाड्यांना कमानी, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, नसल्यामुळे मांडीचे हाड मोडलेल्या किंवा पोटात गोळी लागलेल्या माणसाला खाचखळग्यांतून नेताना प्रत्येक हिसका जखमेला बसे, आणि या प्रवासात वाचू शकले असते असेही अनेक जण दगावले. नदीकाठी पोचलेल्यांना बोटींवर आणि त्यांना बांधलेल्या सपाट तराफ्यांवर दाटीवाटीने ठेवण्यात आले. अंथरूण, स्वच्छतागृह, पुरेसे वैद्यक किंवा परिचारक यांपैकी काहीही नसलेल्या अवस्थेत ते अनेक दिवसांनी बसऱ्याला पोचले, तोवर जखमा कुजल्या होत्या आणि त्यांत किडे पडले होते.

इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेजर रॉबर्ट मार्कहॅम कार्टर यांनी बसऱ्याला आलेल्या 'मेजिदिये' या बोटीची अवस्था पाहिली आणि वरिष्ठांची नाराजी पत्करून ती लेखी मांडली. त्यांच्या तक्रारीला इतर साक्षींची जोड मिळाली आणि अखेर ब्रिटिश संसदेने नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निक्सन यांच्यासह भारत सरकार व त्याच्या लष्करी नेतृत्वावर कडक ठपका होता, आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी त्यानंतर राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या एडविन माँटेग्यू यांनी ऑगस्ट १९१७ मध्ये भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली, म्हणजे कमानी नसलेल्या गाडीतून सोसलेल्या यातना भारताच्या राजकीय इतिहासातील एका वळणाशी जोडल्या गेल्या. तरीही ज्यांनी त्या सोसल्या त्यांपैकी फारच थोड्यांची साक्ष त्या अहवालाच्या कामी आली. शिपायाच्या वेदनेला शब्द मिळाले ते एका धाडसी डॉक्टरच्या मध्यस्थीने.

वेढ्यातील दिवस

थकलेली डिव्हिजन ३ डिसेंबरला कुतला परतली आणि टाउनशेंड यांनी तेथेच तळ धरून कुमक येईपर्यंत तग धरण्याचे ठरवले. तीन बाजूंनी नदी आणि उत्तरेला उघडे मैदान अशा या गावात हजारो स्थानिक अरब रहिवासीही होते. उत्तरेच्या बाजूने खंदक खणण्यात आले. ईशान्येच्या टोकाला मातीच्या भिंतींचा एक किल्ला होता, तर नदीच्या पलीकडच्या तीरावर लोकर दाबण्याच्या कारखान्याभोवतीची एक लहान वस्ती होती. त्या वस्तीचे रक्षण ११० वी मराठा आणि १२० वी राजपुताना या पलटणींकडे होते. १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी किल्ल्यावर मोठा हल्ला चढवून भिंतीला खिंडार पाडले, तेव्हा ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर पलटणीच्या बरोबरीने १०३ व्या मराठा पलटणीच्या शिपायांनी ते हातघाईने रोखले. या अपयशानंतर तुर्कांनी थेट हल्ल्यांचा मार्ग सोडला आणि वेढ्याचे काम उपासमारीवर सोपवले.

यापुढे शिपायाच्या दिवसाला पराक्रमाची नव्हे, चिकाटीची गरज होती. जानेवारीत पाऊस आणि पुराचे पाणी खंदकांत शिरल्याने माणसे चिखलात उभी राहिली, रात्री थंडी कडाक्याची पडे, आणि दिवसा डोके वर काढल्यास समोरच्या नेमबाजाची गोळी येई. पिण्याचे पाणी नदीतून आणावे लागे, आणि ते आणणारा भिस्ती, म्हणजे पखालीतून पाणी पुरवणारा नोकर, नदीकाठावर शत्रूच्या सहज टप्प्यात येई. भिस्ती, स्वयंपाकी, मेहतर, डोलीवाले आणि खेचरे हाकणारे यांना लष्करी भाषेत 'फॉलोअर' म्हणत. त्यांच्या हाती बंदूक नसे, त्यांचा पगार शिपायाहून कमी असे आणि शौर्यपदकांच्या यादीत त्यांची नावे क्वचितच येत. वेढ्यात मात्र गोळी, भूक आणि आजार यांनी लढणाऱ्यात आणि पाणी वाहणाऱ्यात भेद केला नाही. मेसोपोटेमियात संपूर्ण युद्धकाळात भारतातून सुमारे ५ लाख ८८ हजार माणसे पाठवण्यात आली, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मी अशी अलढाऊ होती. त्यांत भारतातील तुरुंगांतून नेलेल्या कैद्यांच्या मजूर तुकड्याही होत्या. या निम्म्या माणसांना वगळून सांगितलेला मोहिमेचा इतिहास अर्धाच राहतो.

भूक, धर्म आणि आजार

वेढ्याच्या आरंभी टाउनशेंड यांनी आपल्याजवळ थोड्या काळापुरताच शिधा असल्याचे कळवले. गावातील घरे व कोठारे पुढे तपासली गेली, तेव्हा धान्याचा बराच साठा सापडला आणि तोच शिधा काटकसरीने एप्रिलच्या अखेरपर्यंत पुरला. आरंभीच्या या चुकीच्या अंदाजामुळे सुटकेच्या फौजेला अपुऱ्या तयारीनिशी घाईने पुढे यावे लागले. जानेवारीत शेख साद, वादी आणि हन्ना, मार्चमध्ये दुजैला आणि एप्रिलमध्ये सन्नैयत येथे तिने एकामागून एक हल्ले केले, परंतु ती कुतपर्यंत पोचू शकली नाही. कुतमध्ये अडकलेल्या सुमारे तेरा हजारांना सोडवण्याच्या या प्रयत्नांत सुटकेच्या फौजेचे सुमारे तेवीस हजार लोक ठार वा जखमी झाले.

आत भुकेचा प्रश्न धर्माच्या प्रश्नात गुंतला. जानेवारीच्या अखेरीपासून घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस शिध्यात देण्यास सुरुवात झाली. ब्रिटिश सैनिकांनी ते स्वीकारले, पण बहुसंख्य हिंदू व मुसलमान शिपायांनी नाकारले. भारतातील धर्माधिकाऱ्यांकडून आपद्धर्म म्हणून परवानगी मिळवून ती तारायंत्राने कळवण्यात आली, तरी नकार बराच काळ टिकला. त्यामागील कारण केवळ श्रद्धेचे नव्हते. शिपाई पलटणीत एकाच गावच्या आणि एकाच भावकीच्या माणसांबरोबर राहत असे. आज काय खाल्ले हे उद्या गावात कळणार, जातपंचायतीपुढे जाणार आणि मुलीबाळींच्या सोयरिकीत आडवे येणार हा हिशेब प्रत्येकाच्या मनात असला पाहिजे, कारण धर्माधिकाऱ्याच्या तारेला गावात किती मान मिळेल याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते. त्या काळी भारतीय शिपायाला महिन्याला ११ रुपये मूळ पगार मिळे आणि या नोकरीचे मोल त्याच्या दृष्टीने गावातील पत व जमीन राखण्यात होते. ज्या प्रतिष्ठेसाठी तो लढत होता, तीच गमावून जगण्याचा पर्याय त्याच्यापुढे ठेवण्यात आला होता. एप्रिलमध्ये अन्न फारच आटले आणि अधिकाऱ्यांचा दबाव वाढला, तेव्हा अनेकांनी मांस खाण्यास सुरुवात केली, परंतु तोवर शरीरे खंगली होती.

या उपासमारीचा वैद्यकीय इतिहास अभ्यासनीय आहे. सफेद पिठाचा पाव आणि घोड्याचे मांस खाणाऱ्या ब्रिटिश सैनिकांत बेरीबेरी पसरला. धान्याच्या कोंड्यात असणाऱ्या ब जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा हा रोग मज्जातंतू आणि हृदय दुबळे करतो. ज्वारी, बाजरी व गव्हाच्या कोंड्यासकट पिठावर वाढलेले भारतीय शिपाई त्यातून बऱ्याच अंशी बचावले, कारण त्यांचा आटा कोंड्यासहित होता. पण ताजे मांस, भाजी आणि फळे न मिळाल्याने त्यांच्यात स्कर्व्ही फैलावला. क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या या रोगात हिरड्यांतून रक्त येते, सांधे सुजतात आणि भरलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडतात. मैदानातील रानपाला शिजवून खाण्याचा प्रयत्न झाला, पण त्यात विषारी वनस्पतीही होत्या. अखेरच्या दिवसांत माणशी सुमारे चार औंस, म्हणजे एकशे दहा-बारा ग्रॅम, पीठ मिळू लागले. विमानांतून गोणी टाकून अन्न पोचवण्याचा एक अगदी आरंभीचा प्रयोग याच वेळी झाला, परंतु त्यातून रोजची किमान गरजही भागली नाही. धान्याने भरलेली 'जुलनार' ही बोट २४ एप्रिलच्या रात्री तुर्कांच्या फळीतून घुसण्याच्या प्रयत्नात अडकली आणि शेवटची आशा संपली. ठार झालेले, जखमांनी गेलेले आणि आजाराने दगावलेले मिळून वेढ्यात सुमारे पावणेदोन हजार माणसे गेली.

शरणागतीनंतरची वाट

२९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि त्यांत तीन हजारांहून अधिक फॉलोअर होते. अत्यंत आजारी असलेल्या हजाराहून अधिक जणांची अदलाबदल होऊन ते बसऱ्याकडे गेले. उरलेल्यांची विभागणी हुद्द्याप्रमाणे झाली. अधिकाऱ्यांना शिपायांपासून वेगळे करून बोटीने बगदादला आणि पुढे अनातोलियातील छावण्यांत नेण्यात आले, तर टाउनशेंड यांची व्यवस्था इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामशीर निवासात झाली. शिपाई आणि फॉलोअर मात्र उपासमारीने खंगलेल्या अवस्थेत, उन्हाळ्याच्या तोंडावर, पायी हाकले गेले. बगदादपासून समारापर्यंत थोडी रेल्वे होती. तेथून पुढे मोसूल, नुसैबिन आणि रास-अल-ऐन अशी शेकडो किलोमीटरांची वाळवंटी वाट होती. पायात बूट नाहीत, पाणी अपुरे, पहारेकऱ्यांची मारहाण आणि वाटेत मागे पडलेल्यांची लूट असे या वाटेचे वर्णन वाचलेल्या कैद्यांनी केले आहे. कैदेत गेलेल्या सुमारे २६०० ब्रिटिश शिपायांपैकी सतराशेहून अधिक परतले नाहीत, आणि भारतीयांमध्येही मृत व बेपत्ता यांची संख्या हजारांत गेली.

रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या बांधकामावर मोठ्या संख्येने भारतीय कैदी जुंपले गेले. भारतीयांना उष्ण हवा मानवते या समजुतीने त्यांना तेथे ठेवण्यात आले. याच परिसरात १९१५-१६ मध्ये आर्मेनियन निर्वासितांच्या छावण्या होत्या आणि तेथे त्यांची प्रचंड कत्तल झाली. त्यामुळे कैद्यांच्या वाट्याला स्वतःच्या यातनेबरोबर एका संपूर्ण समाजाच्या संहाराचे साक्षीदार होण्याचे ओझेही आले. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांनी बंगालीत लिहिलेल्या आठवणी या अनुभवाचा दुर्मीळ दस्तऐवज आहेत. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी कैद्यांवर उपचार करता करता १९१७ मध्ये रास-अल-ऐन येथेच वारले, आणि त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी त्यांची पत्रे एकत्र करून ग्रंथ सिद्ध केला. या दोन्ही साक्षी शिक्षित बंगाली मध्यमवर्गाकडून आल्या. मराठा पलटणीच्या शिपायाला बहुधा लिहिता येत नसे, त्याचे पत्र दुसरा कोणी लिहून देई, आणि त्यामुळे त्याच तोडीची मराठी साक्ष आपल्या साहित्यात उभी राहिली नाही.

घरी पोचलेले युद्ध

मेसोपोटेमियातून परतणाऱ्या जखमींचे पहिले बंदर मुंबई असल्याने या युद्धाचे शरीर मुंबईने प्रत्यक्ष पाहिले. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी, तेव्हा नुकतीच उभी राहिलेली इमारत युद्धकाळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. अपंग झालेल्या सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल ही संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही ते काम करते. त्याच वर्षी, १८९० च्या दशकात लष्करभरतीतून वगळलेल्या महार समाजाची १११ वी महार पलटण माणसांची गरज भासल्याने उभी करण्यात आली, पण युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडण्यात आली. गरज असेतोवर शिपाई आणि गरज सरली की परका, हा अनुभव त्या समाजाने युद्धाच्या किमतीत मोजला.

१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझाची साथ देशात शिरली, सैनिकांच्या आणि रेल्वेच्या ये-जाईने ती पसरली, आणि त्याच वर्षी पाऊस फसल्याने मुंबई इलाख्यातील गावे एकाच वेळी रोग आणि महागाईच्या तडाख्यात सापडली. देशभरात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. युद्धविरामानंतर कैदेतून सुटून घरी परतलेल्या शिपायाला त्यामुळे पुष्कळदा मागे ठेवलेले कुटुंब पूर्वीसारखे सापडले नाही. वेढ्यातून वाचलेल्या माणसाने हे दुसरे नुकसान कसे पचवले, याची नोंद कोणत्याही लष्करी कागदात नाही.

हुद्द्याप्रमाणे स्मरण

११७ व्या मराठा पलटणीला १९२१ मध्ये 'रॉयल' हे बिरुद मिळाले, आणि १९२२ च्या पुनर्रचनेत या सर्व मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये एकत्र आल्या. तिची परंपरा आज बेळगाव येथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीत जिवंत आहे. पलटणीचा सन्मान असा जपला गेला, पण व्यक्तीचा तितका गेला नाही. १९२९ मध्ये उघडलेले बसरा स्मारक मेसोपोटेमियात मरण पावलेल्या व ज्ञात कबर नसलेल्या ४०,५०० हून अधिक जणांचे आहे. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली, मात्र भारतीयांपैकी केवळ अधिकाऱ्यांची नावे आली आणि इतर हुद्द्यांच्या भारतीयांचा उल्लेख पलटणीनिहाय संख्येने करण्यात आला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा असमान स्मरणाची कबुली देऊन क्षमा मागितली. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने हे स्मारक बसऱ्याबाहेर वाळवंटात हलवण्यात आल्याने आज तेथे पोचणेही अवघड आहे.

या असमानतेची दुरुस्ती शक्य आहे, याचे उदाहरण पंजाबने घालून दिले आहे. लाहोर संग्रहालयात पडून राहिलेल्या नोंदवह्यांतून तेथील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार माहिती २०२१ पासून लोकांसाठी खुली होऊ लागली आणि अनेक कुटुंबांना आपल्या पणजोबांचा शोध लागला. महाराष्ट्रात हे काम जिल्हावार हाती घेता येण्याजोगे आहे. साताऱ्यातील अपशिंगे यांसारख्या सैनिकी परंपरेच्या गावांत आणि कोकणातील अनेक गावांत युद्धावर गेलेल्यांचे स्मरण टिकून आहे, घराघरांत पदके, पेन्शनची पुस्तके आणि जमिनीची जुनी कागदपत्रे आहेत, तर रेजिमेंटच्या नोंदी आणि स्मारकांच्या सूच्या संशोधकांना उपलब्ध होऊ शकतात. या सामग्रीची सांगड ग्रामपंचायती, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि विद्यापीठांचे इतिहास विभाग यांनी मिळून घालायला हवी. त्या यादीत शिपायाइतकाच भिस्ती आणि डोलीवालाही असला पाहिजे, कारण कुतमध्ये नदीकाठी पाणी भरताना ज्याने गोळी झेलली, त्याची वीरता कोणत्याही हुद्द्यावर अवलंबून नव्हती. सैन्याची किंमत मोजताना विजय आणि पराजय यांबरोबर, निर्णय कोणी घेतला आणि तो निभावला कोणी, हा हिशेब मांडल्याशिवाय युद्धाचा इतिहास न्याय्य होऊ शकत नाही, आणि मराठी समाजाने आपल्या वाट्याचा हा हिशेब अद्याप पूर्ण केलेला नाही.